नव्वद लिटर पाणी कुठं ठेवायचं: एका जुन्या ट्रेलर-घराच्या दुरुस्तीचं प्रकरण

बेळगावजवळच्या मच्छेतल्या आमच्या शेडमध्ये रोजचं काम म्हणजे पाइपलाइन, टाक्या आणि थोडं फॅब्रिकेशन. उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीची कूलिंगच्या पाण्याची लाइन, कुठल्या मंगल कार्यालयाची बोअरपासून गच्चीपर्यंतची जोडणी, असली कामं. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर त्या शेडमध्ये एक ट्रेलर-घर आलं. ट्रॅक्टरला जोडून, खानापूरहून, सकाळी निघून दुपारी पोचलं. १६ फूट लांब, साडेसहा फूट रुंद, एकच ॲक्सल, लाकडी सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. उजवीकडची चाकाची बाजू चार बोटं खाली बसलेली. दार उघडलं आणि ओल्या भुशाचा वास आला.

ट्रेलर खानापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेचा. गावात त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही इथं बाईच म्हणतो. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात होते. हिडकल धरणाचं काम चाललेलं तेव्हा साइटवर मुक्कामाला हे घर त्यांच्या वाट्याला आलं होतं. घटप्रभेवरचं ते धरण १९७७ साली पुरं झालं. पुढं खात्यानं जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा वडिलांनी आपलंच बिऱ्हाड बोली लावून घरी आणलं. मागच्या पत्र्यावर रंगाखाली जुना नंबर अजून वाचता येतो, तो म्हैसूर राज्याचा. १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्याच्या आधीचा. बनवणाऱ्याची पाटी मात्र घासून गुळगुळीत झालेली. वडील गेल्यावर ते घर अंगणात फणसाखाली उभं राहिलं, ते तिथंच राहिलं.

बाईंना ते शोभेसाठी नको होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, गुडघे गेलेत. माघी पौर्णिमेला सौंदत्तीला रेणुकादेवीकडं जायचं, कार्तिकीला पंढरपूर, मधे कधी नरसोबाची वाडी, आणि उरलेल्या दिवसांत जांबोटीकडच्या काजूच्या बागेत चार दिवस राहायचं, असा दोघींचा बेत. पण यात्रेच्या ठिकाणची संडास-न्हाणीघरं अक्कांना जमत नाहीत. बसायला आधार नाही, फरशी निसरडी, रांग मोठी. "मेस्त्री, बाकी काय करायचं ते तुम्ही ठरवा," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आमचं न्हाणीघर आमच्याबरोबर आलं पाहिजे." म्हणजे या कामात सजावट मागं आणि पाणी पुढं, हे गिऱ्हाइकानंच ठरवून दिलं होतं. तरीही आम्ही सुरुवात चुकीच्या टोकानं केली, ते पुढं येईलच.

उघडल्यावर काय दिसलं

जुन्या ट्रेलरचं खरं वय पत्र्यावर दिसत नाही, पत्र्याच्या आत दिसतं. आतलं प्लाय काढण्याआधी मी टोचा घेऊन खालच्या कडेनं फिरलो. चांगल्या लाकडात टोचा दोन-तीन मिलिमीटर जातो आणि अडतो. इथं मागच्या दोन्ही कोपऱ्यांत तो मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला काळा चिखल होता, लाकूड नव्हतं.

पत्रा उचलल्यावर दुसरी गोष्ट दिसली. जिथं ॲल्युमिनियम थेट चॅसीच्या लोखंडी अँगलला टेकलं होतं, तिथं पांढरी भुकटी धरली होती आणि पत्रा चाळणीसारखा झाला होता. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून असले आणि मधे ओल असली, की त्यांच्यात बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम स्वतः झिजत जातं. खानापूरच्या पश्चिमेला चार महिने ओल कुठं नसते? मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी याच तालुक्यात. तिथल्या पावसात लोखंड आणि ॲल्युमिनियम उघडे एकत्र ठेवणं म्हणजे पत्र्याचं आयुष्य ठरवून कमी करणं.

तिसरी गोष्ट माणसानं केलेली. गळती लागली की कोणीतरी वरून सिलिकॉन भरलं होतं. मग परत गळलं, परत भरलं. छपराच्या एका सांध्यावर सिलिकॉनचे तीन थर होते. जुन्या सिलिकॉनवर नवं काहीच नीट चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही. शिवाय पाणी आत येतं एका जागी आणि दिसतं दुसऱ्या जागी. ते सांगाड्याच्या लाकडावरून तिरकं पाच-सहा फूट वाहत जातं. डाग दिसला तिथं भरून उपयोग नसतो.

गळती कुठून आहे ते शोधायला आम्ही जो उपाय केला तो सांगण्यासारखा आहे. दार-खिडक्या टेपनं बंद केल्या, एका खिडकीत प्लाय लावून त्यात शेतात पाला उडवायचा ब्लोअर बसवला आणि आत हवा भरली. फार नाही, दार हातानं ढकलल्यावर किंचित जड लागेल एवढीच. मग बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशनं लावत गेलो. पाणी आत शोधण्यापेक्षा हवा बाहेर शोधणं सोपं. छपराच्या पुढच्या वळणावर, पुढच्या खिडकीच्या वर, एकेका रिबिटाच्या डोक्याभोवती मोहरीएवढे बुडबुडे उठले. पोरगं खडूनं खुणा करत होतं. एकूण ३१ खुणा झाल्या. ज्या जागी सिलिकॉनचे तीन थर होते तिथं एकही बुडबुडा नव्हता. गळती तिथून चार फूट पुढं होती.

ते सगळे रिबीट ड्रिलनं काढले, जुनं सिलिकॉन खरवडून पुसून घेतलं, सांध्याखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबराची पट्टी, घातली आणि ॲल्युमिनियमचेच रिबीट परत मारले. ब्यूटाइल वाळून कडक होत नाही. पत्रा उन्हात ताणला आणि रात्री आकसला तरी ते त्याच्याबरोबर हलतं. चॅसी आणि पत्र्याच्या मधे सगळीकडे रबराची पट्टी टाकली. खिडक्यांची रबरं बसबॉडीचं काम करणाऱ्याकडून आणली, माप जुळलं.

भक्कम म्हणजे किती जड

ट्रेलर आला त्या दिवशी काट्यावर चढवला होता: ९४० किलो. आतलं सगळं काढून पुन्हा चढवला: ६१० किलो. जुन्या पलंगाखालच्या प्लायचा एक तुकडा सहज वजन करून पाहिला, ४.२ किलो भरला. तोच आठ दिवस उन्हात ठेवून परत वजन केलं तर २.९. म्हणजे त्या घरानं वर्षानुवर्षं पाणी पोटात धरून ठेवलं होतं.

आता नवं काय घालायचं? इथं सुतारमामांचं आणि माझं पटेना, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मी त्यांच्याच बाजूचा होतो. आमच्या भागात काम चांगलं झालं हे सांगायला लोक एकच शब्द वापरतात: दणकट. सागाची चौकट, १८ मिलिमीटरचं प्लाय, ओट्यावर काळी फरशी. हात मारला तर ठण्ण वाजलं पाहिजे. मामांनी तसाच हिशेब केला होता. अक्कांनाही ओटा दगडाचाच हवा होता, पोळपाट हलत नाही म्हणून. आणि पाण्यासाठी मी सुचवलं होतं ते घरासारखंच: छपरावर २०० लिटरची टाकी, खाली नळ, पंपाची कटकट नको.

बाई गणित शिकवायच्या. त्यांनी एक वही घातली आणि प्रत्येक वस्तूपुढं वजन लिहायला लावलं. ८ बाय ४ फुटांचा १८ मिलिमीटरचा प्लाय: सुमारे ३५ किलो. तोच ६ मिलिमीटरचा: १२ किलोच्या आत. चार फूट लांब, दोन फूट रुंद दगडी ओटा: ३६ किलो. तेवढाच ओटा १२ मिलिमीटर प्लायवर एक मिलिमीटर स्टीलचा पत्रा लावून केला तर: १२ किलो. छपरावरची टाकी भरली की २०० किलो, आणि तेही जमिनीपासून आठ फुटांवर. वळणावर ते वजन गाडीला कुठं घेऊन जाईल हे सांगायला गणित लागत नाही. पान संपेपर्यंत बेरीज १४५० किलोवर गेली. वहीकडं बघून मामा म्हणाले, "घर बांधलंय की आपण, गाडा नाही केला."

हाच या प्रकरणाचा गाभा आहे असं मला वाटतं. घर एका जागी उभं असतं, त्याला वजन लागतं. चाकावरचं घर रोज हादरे खातं. त्यात प्रत्येक जादा किलो हादऱ्याच्या वेळी आपल्याच जोडावर हातोडा मारतो. जड कपाट उभ्या भिंतीला ओढतं, हलकं कपाट तिला धरून राहतं. अमेरिकेत १९३६ साली एअरस्ट्रीमनं 'क्लिपर' नावाचा ट्रेलर काढला, तो विमानाच्या अंगासारखा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिबीट मारून केलेला होता. पत्रा हाच सांगाडा, वेगळं जड हाड नाही. पाण्याची सोय त्यातही होती. भक्कमपणा आकारातून आणि जोडांतून येतो, हे त्या लोकांना तेव्हा कळलेलं होतं. आमच्यासारख्या बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतणाऱ्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला ते कळायला एक वही लागली.

शेवटी असं ठरलं: सांगाड्याचं कुजलेलं लाकूड तेवढंच बदलायचं, सागाचा वापर फक्त दाराची चौकट आणि पायरी इथं. भिंती ४ मिलिमीटर, कपाटांच्या बाजू ६, बसायच्या-झोपायच्या फळ्या १२, त्याही खालून सागाच्या बारीक पट्ट्या लावून. न्हाणीघर आणि ओट्याजवळ आयएस ७१० मानकाचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, बाकीकडे साधं वॉटरप्रूफ. प्रत्येक कापलेल्या कडेला रंगाआधी दोन हात इपॉक्सी. प्लायच्या पृष्ठभागातून पाणी हळू शिरतं, कडेतून ते शोषलंच जातं. मामांनी कपाटांच्या दारांना चुंबकाऐवजी दाबून बंद होणाऱ्या कड्या लावल्या, हे त्यांचंच डोकं. चुंबक पहिल्या खड्ड्यात सुटला असता.

टाकी

पाणी खाली ठेवायचं हे ठरलं. कुठं? ॲक्सलच्या बरोबर वर, आडवी. पाणी भरलं काय, संपलं काय, पुढच्या-मागच्या तोलात फारसा फरक पडू नये म्हणून. प्लास्टिकची तयार टाकी त्या जागेत बसत नव्हती, म्हणून डेअरीची भांडी करणाऱ्या आर्गन वेल्डर अण्णांकडं गेलो. १००० बाय ४५० बाय २०० मिलिमीटर, बरोबर ९० लिटर. १.२ मिलिमीटरचा ३०४ स्टेनलेस स्टीलचा पत्रा, रिकामी १६ किलोच्या आसपास.

अण्णा कन्नड बोलणारे, मी मराठी. आमचं काम गेली पंधरा वर्षं दोन्ही भाषांत अर्धं-अर्धं चालतं. कागदावरचं चित्र बघून त्यांनी एकच विचारलं, "नीर एल्लि होगतद?" पाणी जातं कुठं? त्यांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, गाडीनं ब्रेक मारला की एक मीटर लांबीत ९० किलो पाणी धावत जाऊन भिंतीवर आपटेल, त्याला अडवायचं कसं. दुसरी, टाकी धुवायची तर शेवटचा थेंब बाहेर कसा काढायचा. पहिल्यासाठी आत दोन आडवे पडदे घातले, भोकं पाडलेले. पाणी जाईल, पण दमानं. दुसऱ्यासाठी पडद्यांचे खालचे कोपरे कापले आणि तळ एका बाजूला किंचित उतरता केला, तिथं निचऱ्याचा बॉलव्हॉल्व. वर एवढं झाकण ठेवलं, की बाईंचा हात कोपरापर्यंत आत जाऊन प्रत्येक कोपरा घासता येईल. हात आत घालून घासता येत नाही अशी पिण्याच्या पाण्याची टाकी मी कोणालाच सुचवणार नाही.

टाकीला श्वास लागतो. पंप पाणी ओढतो तेव्हा तेवढी हवा आत आली नाही तर पंप धापा टाकतो आणि पातळ पत्रा आत दबतो. म्हणून वरून एक नळी भिंतीतून उंच नेऊन बाहेर खाली वळवली. तिच्या तोंडाला स्टीलची बारीक जाळी. आमच्याकडं कुंभारीण माशी कुठलंही बोटाएवढं भोक दिसलं की चार दिवसांत मातीनं बुजवते. बोअरच्या पॅनेलमधे मी हे शंभरदा बघितलंय.

माझी चूक

लाइन मी पहिल्यांदा सीपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाइपची केली. रोजचा हात, घरात पंचवीस-पंचवीस वर्षं टिकणारा पाइप. सोल्युशन लावून जोड, दर दोन फुटांवर क्लॅम्प मारून भिंतीला घट्ट. दिसायला इतकी सुरेख झाली होती की मी फोटो काढून ठेवले. पंप १२ व्होल्टचा डायफ्रामचा होता, जवळजवळ अडीच बारला आपोआप बंद होणारा. मी हातपंपानं ४ बार दाब भरून रात्रभर ठेवला. सकाळी काटा जागचा हलला नव्हता.

मग पाणी भरून गाडी बाहेर काढली. पिरनवाडीवरून जांबोटी रस्त्याला लागलो, कणकुंबीपर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. कुसमळीच्या अलीकडं थांबून दार उघडलं तर उंबऱ्यावरून पाणी वाहत होतं. पंपाच्या तोंडाशी जो आटेवाला जोड होता, त्याच्या आट्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर. नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती. अंगठ्यानं पाइप बाजूला दाबला की तिथं थेंबांची एक ओळ उमटायची, सोडला की नाहीशी. पंप हादऱ्यानं एका लयीत हलत होता, भिंत दुसऱ्या लयीत, आणि मधला कडक पाइप दोघांना बांधून ठेवत होता. तो तुटणारच होता. दाब कमी झाला म्हणून पंप सुरू झाला, आणि टाकी रिकामी होईपर्यंत इमानानं चालू राहिला. ९० लिटर पाणी नव्या फरशीखाली गेलं.

फरशीचं प्लाय उचलून, खालचं सगळं वाळवून परत बसवण्यात बारा दिवस गेले. मामा एक शब्द बोलले नाहीत. बाईंनी वहीत तारखेसह लिहून घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं ते खर्चापेक्षा यासाठी, की दाबाची चाचणी मी गाडी उभी ठेवून घेतली होती. उभ्या गाडीतली चाचणी चालत्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही. तेव्हापासून आमच्या शेडमधला नियम आहे: दाब भरायचा, गेज बसवायचं, आणि गाडी वीस किलोमीटर वाईट रस्त्यानं फिरवून आणून मगच काटा बघायचा.

दुसरी लाइन कॉम्पोझिट पाइपची केली. आत-बाहेर पॉलिथिन आणि मधे ॲल्युमिनियमचा थर, हातानं वाकतो आणि वाकवला तसा राहतो. त्यामुळे एल्बो जवळजवळ लागलेच नाहीत. सीपीव्हीसीला १९ जोड होते, इथं ८. जोड पितळी, नट आवळायचे, आणि आठही हात पोचेल अशा जागी. भिंतीच्या मागं एकही नाही. पंपाच्या दोन्ही तोंडांना फूटभर जाळीचा रबरी पाइप, म्हणजे पंप कितीही हलला तरी लाइनला कळत नाही. पंप खाली रबराच्या पायांवर. क्लॅम्प रबरी अस्तराचे, आणि घट्ट नाहीत. पाइप त्यात बोटभर सरकू शकतो. टाकीनंतर पंपाच्या आधी गाळणी, पंपानंतर लिटरभराची छोटी प्रेशर टाकी. ती नसली तर नळ थोडा उघडला की पंप रात्रीच्या शांततेत धड-धड करत राहतो. आणि दाराशेजारी एक बटण, त्यावर लाल दिवा. गाडी सुटताना पंप बंद. बाईंनी दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात मराठीत आणि कन्नडमधे लिहून लावलंय, कारण गाडी चालवणारा भाचा कन्नड शाळेत शिकलाय.

न्हाणीघर आणि वाया गेलेलं पाणी

शॉवरचं चित्र मी काढलं होतं, अक्कांनी ते बाजूला सारलं. त्यांना बादली आणि तांब्या हवा होता. विचार केला तर तेच बरोबर होतं. शॉवरखाली पाणी किती गेलं कळत नाही, बादलीत कळतं. पंधरा लिटरची एक बादली, दोघींच्या दोन, स्वयंपाक-भांड्यांना दहा-बारा, हात-तोंडाला थोडं: ९० लिटर आरामात दीड दिवस पुरतं. म्हणून नळ कमरेइतका नाही, दीड फुटावर बसवला. भिंतीला घडी होणारी बसायची फळी, तिच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. हे दांडे भिंतीच्या ४ मिलिमीटर प्लायला नव्हे, तर त्यामागं आधीच बसवलेल्या सागाच्या ठोकळ्यांना धरलेत. अक्का त्याला धरून पूर्ण भार टाकतात, तिथं वजन वाचवायचा विचार केला नाही.

गरम पाण्यासाठी गॅस गीझर लावा असं दोघातिघांनी सुचवलं. मी नाही म्हणालो. एवढ्या लहान बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड साठला तर वासही येत नाही, माणूस बसल्या जागी जातं. पातेल्यात पाणी तापवून बादलीत मिसळायचं, खिडकी उघडी ठेवून. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, आतल्या बाजूनं पूर्ण बंद, आणि तळाला भोकं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो. भोकं वर पाडून काही होत नाही.

न्हाणीच्या ताटाला दोन मोऱ्या दिल्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. घरात उतार एकदाच काढायचा असतो. ट्रेलर मात्र यात्रेच्या माळावर कसा उभा राहील सांगता येत नाही, एका मोरीवर विसंबलं तर निम्म्या वेळा पाणी उलट्या कोपऱ्यात साठणार. भांड्यांच्या मोरीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं पाणी प्रवासात हिंदकळून जातं आणि मुक्कामाला पोचेपर्यंत आत वास सुटतो, म्हणून तिथं रबराचं बूच साखळीनं बांधलंय. सांडपाण्याची ६० लिटरची टाकी खाली, ॲक्सलच्या जरा मागं. ती रिकामी करूनच गाडी हलवायची. संडास काढून नेता येणाऱ्या टाकीचा, वीस लिटरचा. ती टाकी बाहेरून ओढून खऱ्या संडासातच ओतायची.

सांडपाण्यावरून बाईंशी बरंच बोलणं झालं. बागेत असताना साबणाचं पाणी केळीच्या बुंध्याला सोडता येतं, पण खरकटं आणि तेल आधी जाळीत अडलं पाहिजे. ओढ्याच्या काठावर मात्र कधीच नाही. त्या बागेखालचा ओढा मलप्रभेला मिळतो, आणि खाली गावंच्या गावं ते पाणी पितात. बाईंनी हे माझ्याआधी सांगितलं.

तोल

विजेचं काम साधं होतं: १०० ॲम्पिअर-अवरची बॅटरी, छपरावर एक सोलर पॅनेल, एलईडी दिवे. पंप दिवसाला वीसेक मिनिटं चालतो, त्याला दोन ॲम्पिअर-अवरच्या आसपास लागतात. अडचण विजेची नव्हती, बॅटरी ठेवली कुठं त्याची होती. जागा होती म्हणून ती मागच्या बाकाखाली ठेवली. सगळं भरून काट्यावर चढवलं, ११८० किलोच्या आत. मामांच्या पहिल्या हिशेबापेक्षा पावणेतीनशे किलो कमी. पण पुढचा जोड, म्हणजे बोलेरोच्या हुकवर येणारा भार, फक्त ४१ किलो निघाला.

हा आकडा कमी असणं धोक्याचं. भार मागं गेला की ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो, आणि चालवणाऱ्यानं घाबरून ब्रेक मारला की डोलणं वाढतं. एकूण वजनाच्या सात-आठ टक्के तरी पुढं हवेत. बाईंनी वही उघडली. हुकपासून ॲक्सल ३.६ मीटर. ३० किलोची बॅटरी ॲक्सलच्या मागं १.८ मीटरवर आहे, ती पुढं २.६ मीटरवर नेली तर फरक ४.४ मीटरचा. ३० गुणिले ४.४ भागिले ३.६, म्हणजे जवळजवळ ३७ किलो. गॅसचा कप्पाही अगदी पुढं घेतला, त्याचे दहा. परत मोजलं: ८८. बाईंचा आकडा एका किलोच्या आत बरोबर आला.

जुना ॲक्सल किती पेलतो ते सांगणारी पाटीच नव्हती, म्हणून तो ठेवला नाही. पाटे, बेअरिंग, ब्रेक सगळं नवं. टायर प्रत्येकी ६७० किलो पेलणारे, प्रत्यक्षात त्यांच्यावर ५५० येतात. कागदांचं सांगायचं तर ट्रेलरची नोंदणी गाडीपासून वेगळी असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असं काम परवानगीशिवाय करता येत नाही. आम्ही पत्रा कापायच्या आधीच आरटीओत गेलो होतो, म्हणून शेवटी अडलं नाही. आता मागं केए-२२ चा नंबर आहे. जुन्या नंबराचा पत्रा बाईंनी कापून घेऊन आतल्या भिंतीला लावलाय.

आज

पूर्ण तयार झाल्यावर मी मुद्दाम एक जुलै महिना तो खानापुरात उघड्यावर ठेवायला सांगितला. त्या पावसातून छप्पर कोरडं निघालं. यंदा माघी पौर्णिमेला दोघी बहिणी सौंदत्तीला तीन दिवस राहून आल्या. एकदा टाकी टँकरनं भरून घेतली. अक्कांची एकच तक्रार आली: पायरी उंच आहे. ती दोन भागांत करून दिली.

डाव्या बाजूची मागची खिडकी अजून गळते. वाऱ्याबरोबर तिरका पाऊस आला तरच, आणि वाटीभर. बाईंनी खिडकीखाली ओल जिथवर पोचली तिथं खडूनं रेघ मारून बाजूला तारीख घातली आहे. वळवाचे तीन पाऊस झाले, तीन रेघा आहेत. तिसरी पहिल्या दोन्हींपेक्षा बोटभर खाली आहे, म्हणजे वाट मोठी होतेय. रबर आणून ठेवलंय. मिरगाच्या आधी खिडकी काढून, ब्लोअर लावून, परत साबणाचं पाणी फिरवणार आहे.